बी.ऑप्टोम झाले, गाव देवगड तालुक्यात. पनवेलला राहू की परत येऊ?

सुरंगी

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात माझी इंटर्नशिप संपली. तीन वर्षं कॉलेज आणि एक वर्ष हॉस्पिटल करून बी.ऑप्टोम, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारी ऑप्टोमेट्रिस्ट, झाले. गाव देवगड तालुक्यात, खाडीला लागून. बाबांची थोडी हापूसची कलमं, काकांची मासेमारीची बोट. आरोग्याच्या क्षेत्रात शिकलेली घरात मी पहिलीच, त्यामुळे विचारायला जवळचं कोणी नाही. म्हणून इथे लिहितेय.

सध्या तीन वाटा दिसतात. पनवेलच्या एका डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये 16 हजारांची नोकरी आहे. चष्म्याच्या दुकानांच्या एका मोठ्या साखळीत 22 हजार देतायत, पण त्या मुलाखतीत डोळ्यांबद्दल एकच प्रश्न विचारला आणि महिन्याला किती फ्रेम विकशील यावर वीस मिनिटं बोलणं झालं. शिवाय मूळ प्रमाणपत्रं त्यांच्याकडे जमा करायची आणि दोन वर्षं सोडायचं नाही, अशी अट. तिसरी वाट गावी परतण्याची. कणकवली-कुडाळला चौकशी करून आले. एका ठिकाणी सांगितलं, ‘आमच्याकडे मशीन आहे, कंपाउंडरच नंबर काढतो.’ दुसऱ्या ठिकाणी नऊ हजार देऊ म्हणाले.

बाबा काही बोलत नाहीत. काका एकदा म्हणाले, ‘चार वर्षं शिकून चष्म्याच्या दुकानातच बसायचं होतं तर...’ आणि पुढे थांबले. ते अजून मनात टोचतंय.

तरी परत यावंसं का वाटतं, तेही सांगते. काका पन्नाशीचे. पावसाळ्यात बोट शाकारून ठेवली की ते दिवसभर जाळं शिवत बसतात. सुट्टीत मी ट्रायल बॉक्स, म्हणजे नंबर काढायच्या भिंगांची पेटी, घेऊन गेले होते. वाचायचं कार्ड 40 सेंटीमीटरवर धरून +1.75 दिलं. काका म्हणाले, ‘कार्ड दिसतं गो, जाळं नाही दिसत.’ मग ते जाळं नेमकं कुठे धरतात ते टेपने मोजलं. 60 सेंटीमीटर भरलं. +1.00 वर आले आणि ते गप्पच झाले. बराच वेळ जाळ्याची एकेक आस, म्हणजे एकेक भोक, बघत होते. आमच्या वाडीत अशी निदान तीस माणसं मला नावानिशी माहीत आहेत, आणि त्यातल्या कोणाकडेच चष्मा नाही.

काम समोर पडलंय, पण त्या कामाची नोकरी कुठेच नाही. कोकणात राहून हे काम करणारं कोणी इथे असेल तर कृपया मोकळेपणाने सांगा. पगाराचे आकडे सांगितले तरी चालतील.

रेटिनोस्कोप

सुरंगी, मी 14 वर्षं याच कामात आहे. त्यातली 11 वर्षं चिपळूण आणि आसपास. सविस्तर लिहितो, कारण माझ्या वेळी मला असं कोणी सांगितलं नव्हतं.

सगळ्यात आधी, मूळ प्रमाणपत्रं कोणाच्याही ताब्यात देऊ नकोस. पडताळणीसाठी दाखव, झेरॉक्स दे, मूळ घरी. ही अट घालणाऱ्या जागेचा पगार कितीही असो, तिथे जायचं नाही. माझ्या एका वर्गमैत्रिणीची कागदपत्रं अशीच अडकली होती. परदेशातली संधी आली तेव्हा ती परत मिळवण्यात चार महिने गेले आणि संधी हातची गेली.

पनवेलच्या 16 हजारांबद्दल. पगार कमी आहे हे खरं, पण हो म्हणण्याआधी तू त्यांना काही गोष्टी विचार. बायोमेट्री कोण करतं? मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी डोळ्याची लांबी मोजून आत बसवायच्या भिंगाचा नंबर काढायचं काम तुझ्या हातात देणार का? लहान मुलांची तपासणी तू करणार का? परिमेट्री (नजरेची कक्षा मोजणं), ओसीटी (डोळ्याच्या पडद्याचा स्कॅन), डोळ्याचा दाब, कॉन्टॅक्ट लेन्स यांत तुला फिरवणार का? की वर्षभर ऑटोरिफवर, म्हणजे नंबर काढायच्या मशीनवर, हनुवटी टेकवायला सांगून कागद फाडून देणार? दोन्ही कामांचा पगार सारखाच असतो, पण पहिल्यातून तू दोन वर्षांत तयार होशील. दुसऱ्यातून दहा वर्षांनीही आहेस तिथेच.

मी पहिल्या नोकरीत 8 हजारांवर होतो. सकाळी आठला जायचो आणि मशीनच्या आधी प्रत्येक पेशंटची रेटिनोस्कोपी करायचो, म्हणजे डोळ्यात उजेड टाकून हातानेच नंबर काढायचो. कोणी सांगितलं नव्हतं, मीच ठरवलं होतं. आज माझं घर चालतं ते त्या हातावर. कोकणात पावसाळ्यात वीज जाते, मशीन बंद पडतं. रेटिनोस्कोप बॅटरीवर चालतो.

एक उदाहरण देतो. दापोलीकडचा नऊ वर्षांचा मुलगा. दुकानात मशीनवर बसवून -2.00 चा चष्मा दिलेला. रोज डोकं दुखायचं, आई त्याला अभ्यासाचा कंटाळा म्हणायची. डॉक्टरांकडून थेंब घालून डोळ्याचे स्नायू सैल केले आणि बघितलं, तर उणे नंबर नव्हताच, उलट थोडा अधिकचा (प्लस) नंबर होता. लहान मूल मशीनच्या आत बघताना डोळा ताणतं आणि मशीन उणे नंबर जास्त दाखवतं, हे तू शिकली आहेस. पण ते मुलाच्या डोळ्यावर ओळखून त्याच्या आईला समजावणं हे सरावानेच येतं. ‘आमच्याकडे मशीन आहे’ म्हणणाऱ्यांना यापेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

आता कोकणातल्या नोकरीबद्दल. इथे पूर्ण पगाराची एकच नोकरी शोधशील तर बहुतेक मिळणार नाही. नेत्रतज्ज्ञ कमी, त्यांचे दवाखाने लहान, एकाला सहा दिवस ऑप्टोमेट्रिस्ट परवडत नाही. म्हणून मी आठवडा वाटून घेतला. सोमवार-मंगळवार चिपळूणला एका डॉक्टरांकडे, बुधवारी गुहागर, गुरुवारी खेड, शुक्रवार-शनिवार माझी स्वतःची जागा. प्रत्येक ठिकाणी दिवसाचे पैसे. पहिलं वर्ष एसटीतच गेलं. दुसऱ्या वर्षी डॉक्टर स्वतः ऑपरेशनचे दिवस माझ्या दिवसांप्रमाणे लावू लागले. मुंबईतल्या माझ्या बॅचच्या मुलांपेक्षा आज माझी कमाई थोडी कमी आहे, पण संध्याकाळी सातला घरी असतो आणि भाडं भरत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. दोन वर्षं मोठ्या हॉस्पिटलात हात बसव आणि मग ये. आत्ता आलीस तर नऊ हजारांवर बसवतील आणि तुलाही वाटेल की आपली किंमत तेवढीच.

लांज्याचा

मी वेगळं सांगतो. माझ्या धाकट्या भावाने हेच केलं. दोन वर्षं पुण्यात हॉस्पिटल, मग लांज्याला परत. डॉक्टर मिळाले नाहीत, दुकानदारांना स्वस्तातला माणूस हवा होता. दीड वर्षाने बँकेच्या परीक्षा देऊन तो निघून गेला. हुशार मुलगा होता, शाळांच्या तपासण्यांमध्ये जीव ओतून काम करायचा. प्रत्येकाला चिपळूणसारखी बाजारपेठ मिळत नाही. भावनेच्या भरात निर्णय घेऊ नकोस, एवढंच.

रेटिनोस्कोप

लांज्याचा, तुमच्या भावाबद्दल वाईट वाटलं. चूक त्याची नाही. चिपळूण मोठी पेठ आहे, मला तिचा फायदा झाला, हे मान्य. देवगडसारख्या ठिकाणी एका गावावर भागणार नाही. कणकवली आणि मालवण जोडूनच विचार करावा लागेल.

मस्कतवरून

मी मूळचा राजापूरचा, 9 वर्षं ओमानमध्ये ऑप्टोमेट्रिस्ट. आखातात यायचं असेल तर तयारी आतापासून करावी लागते, म्हणून लिहितो.

इथे परवान्याशिवाय कामाला हात लावता येत नाही. त्यासाठी पदवी, गुणपत्रिका आणि अनुभवाची पत्रं यांची पडताळणी होते, तिला सगळे डेटाफ्लो म्हणतात. मग संगणकावर परीक्षा, बोलीभाषेत प्रोमेट्रिक. पडताळणी करणारे तुझ्या जुन्या हॉस्पिटलला थेट विचारतात. म्हणून जिथे काम करशील तिथून लेटरहेडवर, तारखांसह, पदाचं नाव स्पष्ट लिहिलेलं अनुभवपत्र घे. पगार रोख हातात देणारे आणि कागद न देणारे बरेच असतात. त्यांच्याकडे केलेलं काम इथे मोजलंच जात नाही.

पैसे बरे मिळतात. पण इथलं बहुतेक काम मॉलमधल्या चष्म्याच्या दुकानात आहे, आणि शिफ्ट तुटक. सकाळी चार तास, दुपारी सुट्टी, परत संध्याकाळपासून रात्री दहापर्यंत. पहिली दोन वर्षं मी डोळ्याची मागची बाजू फारशी बघितलीच नाही, नंबर आणि फ्रेम, नंबर आणि फ्रेम. घर बांधून झालं, बहिणीचं लग्न झालं, त्याचं समाधान आहे. पण शिकलेलं विसरायला होतं, हे आधी माहीत असावं.

इंग्लंड-अमेरिकेची स्वप्नं दाखवणारे एजंट भेटतील. अमेरिकेत ऑप्टोमेट्री ही पदवीनंतरची चार वर्षांची डॉक्टरेट आहे, आपली बी.ऑप्टोम घेऊन थेट काम मिळत नाही. ऑस्ट्रेलियात तिथली परीक्षा द्यावी लागते. एजंटला पैसे देण्याआधी त्या देशाच्या परवाना देणाऱ्या संस्थेचं संकेतस्थळ स्वतः वाच.

खेडचा डोळ्यांचा डॉक्टर

मी नेत्रशल्यचिकित्सक आहे. आमच्या बाजूचं चित्र सांगतो, त्यात आमच्या चुकाही आल्या.

आमच्या भागात एका डॉक्टरला ओपीडीही बघायची असते आणि ऑपरेशनही करायचं असतं. सकाळी साठ पेशंट बसलेले, त्यातल्या चाळिसांना फक्त नंबर हवा असतो. चांगला ऑप्टोमेट्रिस्ट असेल तर तो नंबर काढतो, दाब बघतो, बाहुली मोठी करायची की नाही ते ठरवून ठेवतो, आणि माझ्यापर्यंत येतो तेव्हा पेशंटचा अर्धा निकाल लागलेला असतो. बायोमेट्री तर मी आता दुसऱ्या कोणाला करूच देत नाही. डोळ्याच्या लांबीत एक मिलिमीटर चुकलं तर चष्म्याचा नंबर साधारण अडीच-तीनने चुकतो. ऑपरेशन उत्तम झालं तरी म्हातारी आजी म्हणते, ‘डॉक्टर, दिसत नाही.’ तो दोष माझ्या हाताचा नसतो, पण तिच्यासमोर उभा मी असतो.

तरीही आमच्यापैकी बरेच जण या कामाला कंपाउंडरएवढा पगार देतात, हे मी मान्य करतो. मीही पहिली काही वर्षं दिला. माझ्याकडे हे काम करणारी मुलगी सोडून गेली, तिच्या जागी आलेल्याकडून दोन बायोमेट्री चुकल्या, तेव्हा समजलं. सुरंगी, मुलाखतीला जाशील तेव्हा ‘मला नोकरी द्या’ म्हणू नकोस. ‘आठवड्यातले दोन दिवस द्या, तुमची बायोमेट्री आणि लहान मुलं मी सांभाळते’ असं सांग. ऐकणारा डॉक्टर लगेच हिशेब करेल.

शाळकरी मुलांमध्ये जवळचं दिसणं आणि लांबचं न दिसणं, म्हणजे मायोपिया, आमच्याकडेही वाढताना रोज दिसतोय. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अंदाजानुसार 2050 पर्यंत जगातल्या निम्म्या लोकांना मायोपिया असेल. गावातली मुलं उन्हात खेळतात म्हणून वाचली असं मला वाटायचं. आता ती मोबाइल घेऊन पडवीत बसतात. नंबर वाढू नये म्हणून खास काचा, कमी तीव्रतेचे अॅट्रोपिनचे थेंब हे उपाय आता मुंबईपुरते राहिलेले नाहीत, पण त्यासाठी दर सहा महिन्यांनी मुलाला बघून नोंद ठेवणारं माणूस लागतं. ते मी एकटा करू शकत नाही.

गुहागरची आई

धागा वाचते आहे. माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. नीटचे गुण फारसे येतील असं वाटत नाही, तिला या कोर्समध्ये रस आहे. सहा महिन्यांचा, एक वर्षाचा असेही कोर्स जाहिरातीत दिसतात. कोणता खरा, कसं ओळखायचं?

रेटिनोस्कोप

ताई, सहा महिन्यांच्या कोर्सवर पैसे घालू नका. 2021 मध्ये केंद्राने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. ऑप्टोमेट्री त्यात येते. आरोग्यसेवा व्यावसायिक म्हणवण्यासाठी किमान 3600 तासांची, तीन ते सहा वर्षांत विभागलेली पदवी हवी, असं त्यात लिहिलं आहे. राज्याच्या परिषदा आणि नोंदणीपुस्तकं हाही त्याच कायद्याचा भाग. पुढे नोंदणी विचारली जाईल तेव्हा आखूड कोर्सवाले अडचणीत येतील.

कॉलेज बघताना विद्यापीठाची मान्यता तपासाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे इंटर्नशिप कुठल्या हॉस्पिटलात करून घेतात ते विचारा. शेवटच्या वर्षाच्या मुलींना भेटा आणि विचारा, ‘आतापर्यंत किती पेशंटची रेटिनोस्कोपी केलीस?’ उत्तर देताना ती अडखळली तर समजा. इमारत, एसी, संगणक लॅब बघून काही कळत नाही.

आणि नीट जमलं नाही म्हणून हा कोर्स, असं तिला म्हणू नका. रस आहे म्हणताय, तेवढं पुरे आहे.

ओरोसची खिडकी

सरकारी बाजू कोणी लिहिली नाही म्हणून मी लिहिते. मी आरोग्य विभागात लिपिक आहे, भरतीचे अर्ज आमच्या टेबलावरून जातात.

ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत नेत्र चिकित्सा अधिकारी हे पद असतं. अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम 1976 पासून चालू आहे, शिबिरं आणि मोतीबिंदूच्या शोधाची धावपळ बऱ्याच अंशी याच पदावरची माणसं करतात. कायम जागा निघतात, पण वर्षानुवर्षांनी. जाहिरात आली की शैक्षणिक अर्हतेची ओळ दोनदा वाचा. पदवी चालते की ठरावीक पदविकाच हवी, हे त्यातच असतं, आणि दरवर्षी काही चांगली मुलं तिथेच बाद होतात.

दुसरी जागा फार कोणाला माहीत नसते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, ज्याची सुरुवात फेब्रुवारी 2013 मध्ये आपल्याच कोकणातल्या पालघरहून झाली, त्यात जन्मापासून 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा जातात. ज्यांच्यात दोष सापडतो ती मुलं जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे येतात आणि त्या केंद्राच्या मंजूर पदांत ऑप्टोमेट्रिस्ट आहे. नेमणूक करारावर असते आणि मुदतवाढीची वाट बघावी लागते. पण काम खरं आहे. तिरळेपणा, आळशी डोळा, कमी दिवसांच्या बाळांचा पडदा, असं खाजगीत सहज बघायला न मिळणारं सगळं तिथे येतं.

रेल्वे भरती मंडळाच्या 2024 च्या पॅरामेडिकल भरतीतही ऑप्टोमेट्रिस्ट हे पद होतं, मोजक्याच जागा. अलिबाग, रत्नागिरी आणि आमच्याकडे सिंधुदुर्गात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं सुरू झाली आहेत, त्यांच्या जाहिरातींवरही नजर ठेवा. पण सरकारी जाहिरातीची वाट बघत घरी बसू नको गं. अर्ज टाकायचा आणि काम करत राहायचं.

काजूचा कारखाना

सुरंगीने काकांचं लिहिलं आणि मला माझ्या कारखान्यातल्या बायका आठवल्या. आमचा वेंगुर्ल्याजवळ लहान काजू प्रक्रिया उद्योग आहे, 34 बायका. प्रतवारीच्या टेबलावर गर निवडतात. अख्खा, पाकळी, तुकडा, आणि अख्ख्यातही 180, 240, 320 असे नंबर. 320 म्हणजे एका पौंडात साधारण तेवढे गर. फरक बोटाच्या पेराएवढाही नसतो. डागी गर एक निसटला तर खोक्यासह माल परत येतो.

बाई चाळिशीच्या पुढे गेली की चुका वाढतात. मग आम्ही तिला प्रतवारीवरून काढून सोलायला किंवा भरायला बसवतो. तिथे मजुरी कमी. वीस वर्षं हेच चाललं होतं, आणि मला कधी सुचलं नाही की हा डोळ्याचा प्रश्न आहे. आम्ही म्हणायचो, ‘आता तिच्याच्याने होत नाही.’ हे लिहिताना मला फार अपराधी वाटतंय. या 34 जणींची तपासणी करायला कोण येईल, आणि मी काय पैसे द्यावेत?

सुरंगी

ताई, तुमची पोस्ट मी आईला वाचून दाखवली. तिची मावशी काजूतच होती.

आम्हाला एक अभ्यास शिकवला होता. आसाममधल्या चहाच्या मळ्यात चाळिशीच्या पुढच्या मजुरांवर केलेला, 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांना जवळचा चष्मा दिला त्यांची पानं खुडण्याची क्षमता चष्मा नसलेल्यांपेक्षा 21.7 टक्क्यांनी जास्त वाढली. साधा जवळचा चष्मा, दुसरं काही नाही. काजूची प्रतवारी तर त्याहून बारीक काम.

एकच विनंती. बाजारातून तयार +2.00 चे चष्मे आणून सगळ्यांना वाटू नका. तुमच्या टेबलाची उंची आणि गर डोळ्यापासून किती लांब असतो, ते मोजून नंबर ठरवावा लागेल. शिवाय त्यातल्या काहींना लांबचाही नंबर असेल, एखादीला मोतीबिंदू, एखादीच्या डोळ्याचा दाब जास्त. ते शोधल्याशिवाय चष्मा देणं बरोबर नाही. मी येईन. पैशांचं रेटिनोस्कोप दादांना विचारते, मला अंदाज नाही.

रेटिनोस्कोप

माणशी तपासणीचे पैसे घे, चष्म्याचे वेगळे, आणि दोन्ही कागदावर लिहून दे. फुकट करू नकोस. फुकट केलेल्या शिबिराला दुसऱ्या वर्षी बोलावत नाहीत.

बाजारपेठ, रत्नागिरी

आमचं चष्म्याचं दुकान आजोबांपासून. मुलीच्या काकांचं वाक्य वाचून वाईट वाटलं, कारण दुकानात बसणं हलकं नाही. पण त्यांच्या मनात जे दुकान आहे तसं तू काढू नकोस, एवढं सांगेन. दुकानाच्या आत तपासणीची खोली हवी, आणि तपासणीचे पैसे वेगळे लाव, पन्नास का असेना. तपासणी फुकट ठेवलीस की लोकांना वाटतं तू फ्रेम विकायला बसली आहेस.

इथल्या हवेच्या काही गोष्टी कॉलेजात कोणी शिकवत नाही. खाऱ्या वाऱ्यात धातूच्या फ्रेमचे स्क्रू गंजतात, नाकाच्या पॅडवर हिरवट थर चढतो. दर्यावर जाणाऱ्याला धातूची फ्रेम विकली की सहा महिन्यांत तो तक्रार घेऊन येतो आणि तक्रार बरोबर असते. त्याला शेल किंवा टीआर, म्हणजे प्लॅस्टिकची, फ्रेम दे आणि चष्मा रोज गोड्या पाण्याने धुवायला सांग. आणि तुझी स्वतःची यंत्रं! पावसाळ्यात स्लिट लॅम्पच्या (डोळा मोठा करून बघायच्या यंत्राच्या) आणि ट्रायल बॉक्सच्या भिंगांना बुरशी येते. माझ्या वडिलांची एक पूर्ण ट्रायल पेटी अशी गेली. सिलिका जेलच्या पुड्या, हवाबंद डबा, आणि जून ते सप्टेंबर खोली कोरडी ठेवणं, यात कंजुषी नको.

धंद्याचे आमचे महिने ठरलेले आहेत. मे महिना आणि गणपती, कारण चाकरमानी येतात आणि आईवडिलांना घेऊन दुकानात येतात. जूनमध्ये शाळा. मधले महिने सुके. त्या सुक्या महिन्यांत भाडं निघेल एवढी सोय आधी करून ठेव, नाहीतर चांगला माणूससुद्धा दुसऱ्या पावसाळ्यात शटर ओढतो.

ऑनलाइनवाल्यांची भीती मलाही वाटली होती. तरुण मुलं तिकडे गेली, खरं आहे. पण प्रोग्रेसिव्ह काचेत, म्हणजे लांबचा-जवळचा नंबर एकाच काचेत असतो तिच्यात, बाहुलीची उंची एक-दोन मिलिमीटर चुकली तर माणसाला जिना उतरताना चक्कर येते, आणि तो चष्मा हातात धरून माझ्याकडेच येतो. 22 सप्टेंबर 2025 पासून नंबरच्या काचा आणि फ्रेमवर जीएसटी 5 टक्के झाला, त्यानेही थोडं सोपं झालंय. कर्जासाठी मुद्रा योजना बघ. किशोर गटात 5 लाखांपर्यंत मिळतं. मी माझ्या भाच्याला जुनं स्लिट लॅम्प, नवीन रेटिनोस्कोप, ट्रायल पेटी आणि साधं फर्निचर साडेचार लाखांत लावून दिलं. काचा घासायचं मशीन घेतलं नाही, फिटिंग माझ्याकडून करून नेतो. तुलाही सुरुवातीला मशीनची गरज नाही.

पेंडूरचो

गो बाय, ह्या सगळा वाचलंय. माझी आवशी पाच वर्सां कुडाळाक जावूक घाबरता, डोळ्यात टाका घालतत म्हणान. तुझ्यासारखा आपल्यातला कोण सांगीत तर ऐकात. तू ये. पण शिकान ये.

सुरंगी

सगळ्यांचे मनापासून आभार. चार दिवस विचार केला, घरी बोलले.

पनवेलच्या हॉस्पिटलला फोन करून रेटिनोस्कोप दादांचे सगळे प्रश्न विचारले. त्यांनी बायोमेट्री आणि लहान मुलांची ओपीडी दोन्ही देऊ म्हटलं, पहिले तीन महिने सीनियरसोबत. मूळ प्रमाणपत्रं मागितली नाहीत. मी ई-मेलवर लिहून मागितलं आणि त्यांनी पाठवलं. पुढच्या महिन्यात रुजू होतेय. साखळीला ‘नाही’ असं कळवलं. करार दोन वर्षांचा नाही, पण मी स्वतः दोन वर्षं ठरवली आहेत.

त्यांना एक अट घातली, आणि ती मान्य झाली, याचा मला फार आनंद आहे. दर वर्षी जूनमध्ये मला सलग आठ दिवस रजा हवी. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा माणसं घरी आणि जाळी दारात असतात. त्या आठ दिवसांत वाडीतली तपासणी आणि वेंगुर्ल्याच्या ताईंच्या 34 जणी. ज्यांना डॉक्टरांची गरज दिसेल त्यांची यादी कणकवलीच्या एका नेत्रतज्ज्ञांकडे द्यायची, त्यांच्याशी बोलणं झालंय. दोन वर्षांनी परत आले की त्यांच्याचकडे आठवड्याचे दोन दिवस मागणार आहे, आधीच सांगून ठेवलंय. ते हो म्हणाले नाहीत, पण हसून ‘या तर खरं’ म्हणाले.

काकांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, सोसायटीच्या हॉलची चावी मिळवून देतो. मच्छीमार सोसायटीत बोलायला तेच जाणार आहेत.

आता एक अडचण. वाचता न येणाऱ्यांसाठी ई अक्षराचा तक्ता आहे माझ्याकडे, पण जवळच्या तपासणीला कार्डाऐवजी खरंच जाळं वापरावं असं वाटतंय. वेगवेगळ्या आसाची, वेगवेगळ्या रंगाच्या दोऱ्याची. निळा दोरा संध्याकाळी दिसत नाही असं बरेच जण सांगतात. असे तुकडे कुठे मिळतील? आणि जूनमधला कोणता आठवडा धरू?

मिरकरवाडा

तुकडे मी देतो. आमच्याकडे फाटलेल्या जाळ्यांचा ढीग आहे. बारीक आस, मोठी आस, निळा, हिरवा, पांढरा, सगळे एकेक हात लांब कापून ठेवतो. शिवायची सुई आणि दोराही सोबत देईन, नुसतं बघून कळत नाही, गाठ मारता आली पाहिजे. एसटीच्या पार्सलने देवगडला पाठवू का?

आठवड्याचं म्हणशील तर जूनचा पहिला नको. तेव्हा बोटी वर ओढायच्या, इंजिनं उतरवायची, शाकारायचं, कोणाला उसंत नसते. जुलैचा शेवटही नको, नारळी पौर्णिमेच्या आधी सगळे रंगकामात असतात. जूनचा तिसरा आठवडा धर. पाऊस लागलेला असतो, माणसं जाळं घेऊन ओसरीवर बसलेली असतात. दुपारी तीननंतर बोलाव, आणि उजेड असेपर्यंतच तपास.